ऊन पाण्याच्या ओहोळात मासा कुठे राहतो?

खान्देशात राहणाऱ्या माणसाला उष्णता काय असते हे सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आपण दुपारचे दरवाजे लावून घेतो, माठ ओल्या फडक्यात गुंडाळतो आणि संध्याकाळची वाट पाहतो. पण आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक पाणी असे आहे की जे पौषाच्या थंडीतही गरम असते. ते उन्हाने तापत नाही. ते जमिनीच्या पोटातूनच गरम होऊन येते. चोपडा तालुक्यातले उनपदेव ते हेच.

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत आमचे आणि माझ्या दिरांचे, अशी दोन कुटुंबे एका गाडीतून तिकडे गेलो. जळगावहून निघालो, विदगावजवळ तापी ओलांडली, धानोरा मागे टाकले आणि अडावदला पोहोचलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि समोर हळूहळू जवळ येणारी सातपुड्याची निळसर रांग. अडावदहून रस्ता उत्तरेला वळतो, शेते संपतात आणि सागाचे, पळसाचे रान सुरू होते.

उनपदेव हे हिंदू बांधवांचे श्रद्धास्थान आहे. शरभंग ऋषींच्या व्याधीवर उपाय म्हणून रामाने बाण मारून येथे गरम पाणी काढले, अशी कथा तिथे सांगतात. दगडी गोमुखातून धार पडते, ती कुंडात साठते, आणि त्वचेच्या दुखण्यावर गुण येतो या विश्वासाने लोक अंघोळ करतात. याच परिसरात सुनपदेव आणि निझरदेव अशीही ठिकाणे आहेत. शहादा तालुक्यातही एक उनपदेव आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यात मोडत होते. म्हणजे जुन्या खान्देशाची उत्तर कडा अशा झऱ्यांनी जागोजाग ओवलेली आहे.

नावही पाहण्यासारखे आहे. मराठीत 'ऊन पाणी' म्हणजे गरम पाणी. कोकणातल्या उन्हेरे, उन्हवरे या गावांच्या नावांतही तेच 'ऊन' आहे. 'आप' हा पाण्याचा संस्कृत शब्द, आणि उर्दूत आपण फारसीतून घेतलेला 'आब' ही त्याची सख्खी बहीण. त्यामुळे कोणी उनपदेव म्हणो, कोणी उनबदेव, दोन्हीकडून अर्थ एकाच ठिकाणी येतो. वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांना फार गंमत वाटते.

कुंडापाशी माझ्या पुतणीने प्रश्न विचारला, "चाची, एवढे पाणी आहे, मग इथे मासे का नाहीत?" प्रश्न साधा होता. तिथेच शेळ्या घेऊन बसलेल्या एका वृद्ध दादांनी हाताने खाली ओहोळाकडे दाखवले आणि अहिराणीत म्हणाले, "मासा तठे शे. तठे पानी थंड शे." आम्ही खाली चालत गेलो. झाडांच्या सावलीत, दगडांच्या आड एक छोटे डबके होते आणि त्यात बोटभर मासोळ्या फिरत होत्या. गरम धार आणि त्या मासोळ्या यांच्यात थोडेसेच अंतर होते. त्या अंतरात पाण्याचे नेमके काय होते, हे समजून घेतले तर आपल्या साऱ्या नद्यांचे एक दुखणे समजते. म्हणून हा लेख.

आधी हे पाणी गरम का, ते पाहू. पुष्कळांना वाटते की खाली ज्वालामुखी आहे. तसे नाही. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, लाव्हारसापासूनच झाला, पण ती गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तो लाव्हा केव्हाच निवला. आजची उष्णता पृथ्वीच्या पोटातली नेहमीची उष्णता आहे. जमिनीत एक किलोमीटर खोल गेले की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. सातपुडा वर उचलला गेला आणि तापीचे खोरे खाली बसले, त्या सांध्यावर खडकाला खोल भेगा आहेत. सातपुड्यावर पडलेल्या पावसाचे काही पाणी या भेगांतून फार खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. आज गोमुखातून पडणारे पाणी हे अशा रीतीने फार पूर्वी पडलेल्या पावसाचे आहे.

याच डोंगरांचे थंड पाणीही आपल्या इतिहासात आहे. आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूरला, फारुकी सुलतानांच्या आणि नंतर मुघलांच्या त्या शहराला, सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी कुंड्या आणि भुयारे खणून आणले गेले. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये, इराणी जाणकाराच्या मदतीने हे काम झाले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. डोंगररांग एकच, पाऊसही एकच. जे पाणी वरच्या थरातून वाहिले ते गार राहून शहराच्या उपयोगी पडले, आणि जे खोल उतरले ते तापून वर आले.

आता माशाकडे येऊ. मासा पाण्यात राहतो, पण त्याला श्वास घ्यावाच लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांतून घेतो. हा विरघळलेला प्राणवायू डोळ्यांना दिसत नाही, पण घरात त्याचा अंदाज घेता येतो. पातेल्यात पाणी ठेवून मंद आचेवर तापवा. उकळी फुटायच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. पाणी जितके गरम, तितकी त्यात हवा कमी मावते. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो साडेसात होतो आणि ४० अंशांना साडेसहाच्याही खाली येतो.

दुसरी गोष्ट याहून कठीण. माशाचे रक्त आपल्यासारखे एका तापमानाला राहत नाही. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते, आणि शरीर तापले की त्याची भूक आणि श्वासाची गरज वाढते. पाणी १० अंशांनी तापले की ही गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे घरात खाणारी तोंडे दुप्पट झाली आणि नेमका त्याच महिन्यात पगार कमी झाला, अशी माशाची अवस्था होते. मत्स्यशेती करणारे लोक रोहू-कटल्याच्या तळ्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू जाऊ नये म्हणून जपतात, ते यासाठीच.

गरम झऱ्याच्या पाण्यात आणखी एक अडचण असते. ते पाणी फार काळ खडकांच्या आत, हवेपासून दूर राहिलेले असते, म्हणून वर येते तेव्हा त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. शिवाय गरम पाणी दगडातली खनिजे जास्त विरघळवते. कोकणातल्या काही झऱ्यांचे पाणी खारट लागते आणि काही झऱ्यांना गंधकाचा वास येतो, तो त्यामुळेच. अशा पाण्याला माशाच्या कामाचे व्हायला वेळ आणि वाट हवी. धार वरून पडते तेव्हा ती हवा ओढून घेते. दगडांवरून खळखळत जाताना आणखी हवा मिसळते. सावलीत ती निवते. मग एखादा थंड ओढा येऊन मिळतो. वज्रेश्वरी-अकलोलीला तानसा नदीच्या काठी आणि पात्रात गरम झरे आहेत. तिथेही नदीचे वाहते गार पाणीच झऱ्याच्या पाण्याला आपल्यात सामावून घेते.

म्हणून अशा ओहोळात वरून खाली चालत आलो की जीवनाच्या पायऱ्या लागतात. अगदी गरम पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात असाच एक जिवाणू सापडला. उष्णता सोसणारे त्याचे एक विकर पुढे पीसीआर तपासणीसाठी कामी आले, आणि कोरोनाच्या काळात आपल्या नाकातला नमुना ज्या पद्धतीने तपासला गेला, ती पद्धत त्यातून उभी राहिली. त्याखालची पायरी निळसर-हिरव्या शेवाळाची. ते सुमारे ७३ अंशांपर्यंत तग धरते. मग कीटकांच्या अळ्या, गोगलगायी. आणि सर्वांत शेवटी मासे. बहुतेक माशांची सहनशक्ती ४० अंशांच्या अलीकडेच संपते.

सगळे मासे सारखे नसतात, हेही खरे. बाजारात मरळ मासा थोड्याशा पाण्याच्या टोपात तासन्‌तास जिवंत दिसतो. कल्ल्यांबरोबर त्याला हवेतून श्वास घेण्याची जागा दिलेली आहे. तो मधूनमधून वर येऊन हवा गिळतो. म्हणून जिथे रोहू गुदमरतो तिथे मरळ टिकतो. आफ्रिकेत केनियातल्या मगादी सरोवराच्या काठी गरम, खारट झरे आहेत. तिथला तिलापिया जातीचा एक छोटा मासा ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात राहतो. तुर्कस्तानात सिवास प्रांतात कांगल नावाचे ठिकाण आहे. तिथल्या गरम झऱ्याचे पाणी सुमारे ३५ अंश असते आणि त्यात गारा वंशाचे लहान मासे आहेत. त्या पाण्यात त्यांना खायला फारसे काही नसते, म्हणून अंघोळीला उतरलेल्या माणसांच्या त्वचेचे सुटलेले पापुद्रे ते टिपतात. जगभर 'डॉक्टर फिश' म्हणून जे प्रसिद्ध झाले ते हेच. आणि या माशांचा चुलतभाऊ आपल्याकडे आहे! दख्खनच्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारा मल्या हा गारा वंशातलाच. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचे हेच नाव त्याने त्याला दिले.

मग गरम झऱ्याच्या ओहोळातल्या माशाला खरा धोका कशाचा? उष्णतेचा नव्हे. उष्णता तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि मासा आपली हद्द ओळखतो. यलोस्टोनमधल्या फायरहोल नदीत गरम झऱ्यांचे पाणी येते. उन्हाळ्यात ती नदी फार तापते, तेव्हा तिथले ट्राउट मासे बाजूच्या थंड ओढ्यांत निघून जातात आणि पाणी निवले की परत येतात. त्यांच्यासाठी जाण्याची वाट मोकळी आहे, म्हणून ते वाचतात. वाट बंद झाली, की उष्णता जीव घेते.

कॅनडातल्या बॅन्फ येथे याच्या उलट घडले. तिथल्या गरम झऱ्याखालच्या दलदलीत एक लहान मासा राहत असे. जगात तो दुसरीकडे कुठेच नव्हता. झऱ्यावर अंघोळीचे हौद बांधले गेले आणि त्यांतले औषध घातलेले पाणी दलदलीत येऊ लागले. डास कमी व्हावेत म्हणून १९२४ मध्ये बाहेरचे मासे आणून सोडले. पुढे लोकांनी घरच्या काचपेटीतले शोभेचे मासेही तिथे आणून सोडले. गरम पाण्यात ते भराभर वाढले. मूळचा मासा १९८० च्या दशकात जगातून नाहीसा झाला. त्या झऱ्याची उष्णता त्याने सोसली होती. माणसाची हौस मात्र त्याला सोसवली नाही.

आता हे सगळे आपल्या दाराशी आणून पाहा. खान्देशात गरम झरे मोजके आहेत, पण गरम पाणी दरवर्षी सगळ्या नद्यांत असते. पांझरा, बोरी, गिरणा, अनेर, यांची पात्रे मार्चनंतर तुटतात आणि डोह तेवढे उरतात. उथळ डोहावर मे महिन्याचे ऊन पडले की पाणी तापते. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करते, पण रात्री तेच शेवाळ तो खर्च करते. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेऊ पाहतात. एखाद्या सकाळी डोहावर पांढरी पोटे तरंगतात. लोक म्हणतात, कोणी औषध टाकले. कधी तसे असतेही. पण पुष्कळदा पाणी तापले, हवा संपली आणि पळायला थंड जागा नव्हती, एवढेच कारण असते.

ती थंड जागा कुठे गेली? खोल डोहाच्या तळाशी पाणी गार असते, पण तो डोह गाळाने भरला. काठावरच्या जांभळीची, करंजाची सावली असते, पण ती झाडे तुटली. वाळू पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, पण ती ट्रॅक्टरने उचलून नेली. आणि जमिनीखालून पात्रात पाझरणारे गार पाणी, जे मे महिन्यातही डोहाला जिवंत ठेवत असे, ते आटले. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात, गोट्या-वाळूचा जो थर आहे तो पावसाचे पाणी भरपूर मुरवतो. पण केळीसाठी बोअरवेल खोल खोल जात राहिल्या तसे ते पाणीही खाली गेले. केळी हे आपल्या घराघराचे अन्न आहे, तिला दोष देण्यात अर्थ नाही. ठिबकवर केळी घेणारे शेतकरी याच पट्ट्यात आहेत. प्रश्न एवढाच आहे की उपशाइतके पाणी आपण परत मुरवतो का?

आपल्या घरातल्या जाणत्या लोकांना आणखी एक गोष्ट आठवेल. हनफी फिक़्हच्या किताबांत, आपोआप मरून पोट वर करून तरंगणाऱ्या मासळीची, जिला 'ताफी' म्हणतात, चर्चा वेगळी आहे आणि पाण्याच्या उष्णतेने किंवा गारठ्याने मेलेल्या मासळीची वेगळी. हुकूम काय, हे आपापल्या आलिमांना विचारावे. मला त्यात एवढेच लक्षात घ्यावेसे वाटते की पाणी तापले तर मासा मरतो, ही गोष्ट शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांनीही डोळसपणे पाहिली होती. आरोग्याच्या बाजूने सांगायचे तर उन्हाळ्यात डोहावर मेलेली मासळी घरी आणूच नये. त्या उष्णतेत ती काही तासांत सडते आणि ती कशाने मेली हेही ठाऊक नसते.

उनपदेवच्या ओहोळात त्या दिवशी मासोळ्यांबरोबर शाम्पूच्या रिकाम्या पुड्याही होत्या. साबणाचा आणि शाम्पूचा फेस माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्याला इजा करतो. आधीच प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात हे म्हणजे दम्याच्या रुग्णाच्या तोंडावर कापड धरण्यासारखे आहे. अशा ठिकाणी जाल तेव्हा अंगावर पाणी घ्या, पण साबण गाडीतच राहू द्या. डब्यातले उरलेले अन्न आणि पिशव्या परत आणा. घरच्या काचपेटीतले मासे 'सुटका केली, सवाब मिळाला' म्हणून ओढ्यात सोडू नका. बाहेरचा मासा इथल्या माशाचे घर घेतो. वाहत्या नदीवर वुज़ू करतानाही पाणी जास्त सांडू नये, अशी शिकवण आपल्याला हदीसमधून मिळाली आहे. जिथे पाणी मुबलक दिसते तिथेही जपायचे, तर मे महिन्याच्या डोहाबाबत काय बोलावे!

शिक्षकांना आणि पालकांना एक उपक्रम सुचवते. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा तापमापक दोरीला बांधा. हिवाळ्यात मुलांना अशा झऱ्यावर मोठ्या माणसांबरोबर न्या. गोमुखाच्या धारेखाली मुलांना हात घालू देऊ नका, पाणी अंदाजापेक्षा गरम असू शकते. तिथल्या लोकांची परवानगी घ्या, आणि कुंडापासून खाली दर दहा पावलांवर तापमान वहीत लिहायला सांगा. शेजारी आणखी तीन रकाने ठेवा: सावली आहे का, पाणी खळखळते का, आणि काय काय जिवंत दिसले. पहिला मासा जिथे दिसेल त्या जागेवर खूण करा. मग मे महिन्यात सकाळी लवकर आपल्या गावच्या नदीच्या डोहावर जाऊन तीच वही पुढे भरा. तापीकाठचे असाल तर तापीवर, धुळ्याचे असाल तर पांझरेवर. दोन्ही पाने शेजारी ठेवली की नदीकाठचे एखादे झाड का तोडू नये, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.